पळायचं काम गाडीचं

सावकाशबाईंना पळताना मी फक्त एकदा पाहिलं. त्या दिवशी सगळं गावच पळत होतं, त्यामुळे ते बऱ्याच जणांच्या नीट लक्षात राहिलं नाही. एरवी त्या चालत. ॲम्बुलन्स लांबून बोंबलत यायची, धुरळा उडवत थांबायची, मागचं दार धाडकन उघडायचं, आणि त्या सगळ्या धामधुमीतून एक किडकिडीत, चष्मेवाली बाई खांद्याला बॅग अडकवून अशी उतरायची, की जणू बाजारात कोथिंबिरीची जुडी घ्यायला आली आहे. लोक ओरडत, हात धरून ओढत. बाई आपल्या चालीनं चालत. चालताना वरच्या विजेच्या तारा बघत, उलटलेल्या गाडीखाली काय सांडलंय ते बघत, कोण रडतंय आणि कोण गप्प पडलंय ते बघत. लोकांना वाटे, बाई मजा बघतेय.

त्या ॲम्बुलन्सवरच्या डॉक्टर होत्या. हे मुद्दाम सांगायला हवं, कारण ॲम्बुलन्समध्ये डॉक्टर असतो यावर आमच्याकडे बरेच दिवस कुणाचा विश्वास नव्हता. ॲम्बुलन्स म्हणजे झोपून जायची जीप, आणि डॉक्टर असतो तो तिकडे दवाखान्यात, अशी समजूत. तीर्थपुरीहून आमच्या गावाकडे वळलं की फाट्यावर आरोग्य उपकेंद्र आहे. त्याच्या आवारात कडुनिंबाखाली ती गाडी उभी असे. उपकेंद्राला लागून आमचं सार्वजनिक वाचनालय, आणि वाचनालयात मी. ग्रंथपाल म्हणून माझं काम पुस्तकं देण्याघेण्याचं. पण गाव वाचतं कमी आणि सत्कार करतं जास्त, त्यामुळे माझं निम्मं आयुष्य मानपत्रं लिहिण्यात गेलं. धडाडीचे, कर्तव्यदक्ष, जनतेच्या काळजातले ही विशेषणं मी इतक्या जणांना वाटली आहेत, की रेशनचा गहू वाटणाऱ्याला गव्हाबद्दल जितकं वाटत असेल तितकंच आता मला त्यांच्याबद्दल वाटतं.

'सावकाशबाई' हे नाव अण्णांनी पाडलं. अण्णा म्हणजे आमच्या गावचं चालतंबोलतं, विशेषतः बोलतं, नेतृत्व. सोसायटीचे चेअरमन, मोसंबीच्या मोठ्या बागेचे मालक. आवाज असा की माइकची गरज नाही, आणि तरीही हातातला माइक सुटत नाही. बाई नव्यानं आल्या होत्या तेव्हाची गोष्ट. बाजाराच्या दिवशी एक टेम्पो चहाच्या टपरीत घुसला. अण्णा तिथंच होते. बाई गाडीतून उतरल्या आणि नेहमीसारख्या चालत आल्या. अण्णांनी अख्ख्या बाजाराला ऐकू जाईल असं विचारलं, "काहून मॅडम, एवढ्या सावकाश येऊन राह्यल्या? पाय दुखतेत का?" बाजार हसला. बाई म्हणाल्या, "पाय बरे आहेत अण्णा. डिझेल गळतंय. तुमची सिगारेट तेवढी विझवा." सिगारेट विझली, पण नाव चिकटलं.

पुढे एकदा मीच त्यांना विचारलं, की तुम्ही कधीच कशा पळत नाही. त्या आष्टीकडच्या. वडील आता शेती करतात, पण बाईंच्या लहानपणी घरात मेंढरं होती. त्या म्हणाल्या, "मेंढरामागं माणूस पळालं की कळप उधळतो. मंग पडलेलं मेंढरू राहतं बाजूला, आणि बाकीचे त्याला तुडवून जातात. वडील म्हणायचे, काठी खाली धर आणि चालत जा. पळायचं काम गाडीचं. माणसानं चालायचं." हे अण्णांच्या कानावर गेलं. ते तावातावानं आले आणि म्हणाले, "म्हणजे मॅडम, आम्ही मेंढरं हाव का?" बाई हातमोजे मोजत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "न्हाई हो अण्णा. मेंढरं लवकर ऐकतात."

गर्दीला त्या कधी हाकलत नसत. गर्दीला त्या कामाला लावत. अपघात झाला की आपल्या लोकांच्या अंगात मदतीची लाट येते, आणि अपघातातून वाचलेला माणूस त्या लाटेत बुडायची वेळ येते. कुणी पाणी पाजतो, कुणी उठवून बसवतो, कुणी मोबाइलवर शूटिंग करतो, आणि फिट आलेल्याच्या नाकाला चप्पल लावणारा तर प्रत्येक वस्तीवर राखून ठेवलेला असतो. असा एक चप्पलवाला एकदा जांबच्या यात्रेत बाईंच्या तावडीत सापडला. बाईंनी त्याच्यावर डाफरून त्याचा अपमान केला नाही. त्या म्हणाल्या, "दादा, ती चप्पल घेऊन तिकडं रस्त्यात उभे राहा आणि येणाऱ्या गाड्या थांबवा. तुमच्याशिवाय हे काम होणार न्हाई." तो माणूस रस्त्याच्या मधोमध चप्पल उंचावून असा उभा राहिला, की दोन्हीकडच्या गाड्या मुकाट थांबल्या. पुढे कितीतरी दिवस तो ही हकिगत सांगताना स्वतःला ट्रॅफिकचा साहेब म्हणवून घेत असे.

आणि जो सगळ्यांत जास्त बोलत असेल, त्याच्या हातात बाई सलाइनची बाटली देत. "ही वर धरा. हात खाली आला तर जबाबदारी तुमची." एवढं सांगितलं की माणूस पुतळा होई. एक हात आभाळाकडे, नजर बाटलीवर, तोंड बंद. मी आयुष्यभर पुढाऱ्यांची भाषणं ऐकली आहेत. त्यांना गप्प बसवण्याचं इतकं स्वस्त आणि सभ्य साधन दुसरं पाहिलं नाही. हळूहळू त्यालाही मान आला. लग्नात, पारावर माणसं सांगू लागली, की अमक्याच्या वेळी बाईंची बाटली मी धरली होती. ज्याला बाटली मिळाली नाही तो जरा कमीपणा मानू लागला.

गाडी चालवणाऱ्याला त्यांच्या खात्यात 'पायलट' म्हणतात. आमचा पायलट पूर्वी काळीपिवळी चालवायचा. हे पद मिळाल्यापासून तो रस्त्यावरून खाली बघताना थोडा विमानातून बघितल्यासारखा बघत असे. पण गाडी मात्र खरोखर उडवायचा. बाईंचं आणि त्याचं कामाचं वाटप ठरलेलं होतं. "मॅडम चालतात, मी पळवतो. बराबर हिशोब आहे," असं तो सांगे. बाई त्याला भाऊ म्हणत, आणि खड्डा चुकला नाही तर मागून फक्त एवढंच म्हणत, "भाऊ, इथं माणूस आहे." मग पुढचा खड्डा चुके.

काम नसलं की बाई वाचनालयात येत. त्यांना खुनाच्या कादंबऱ्या आवडत. माझ्या देखत त्या पुस्तक घेत आणि आधी शेवटचं पान उघडत. ग्रंथपालाच्या धर्मात हे पाप आहे, असं मी सांगून पाहिलं. त्या म्हणाल्या, "कधी उठावं लागंल सांगता येत न्हाई सर. निदान खुनी कोण ते तरी कळलेलं बरं." आणि खरंच, कुठलंही पुस्तक त्यांनी सलग वाचल्याचं मला आठवत नाही. भाकरीचंही तसंच. डबा उघडला की फोन वाजे. उन्हाळ्यात ती गाडी आतून भट्टी होई, पावसाळ्यात चिखलातून स्ट्रेचर ओढावं लागे. एकदा आष्टीकडून पेशंट आणताना चालत्या गाडीतच तिचं बाळंतपण झालेलं. बाळ रडलं तेव्हा पायलटनं सायरन बंद केला, कारण बाळाचा आवाज पुरेसा आहे असं त्याचं मत पडलं. अशा दिवशी बाई पेढा खात.

आणि सगळे दिवस तसे नसत. कुणीतरी फवारणीचं औषध पोटात गेलेलं पोरगं आणायला उशीर केलेला असे, कुणी हेल्मेट हँडलला अडकवलेलं असे. अशा दिवशी परत आल्यावर गाडी त्या स्वतः धूत. पायलटला हात लावू देत नसत. बादलीवर बादली, फिनाइल, कोपऱ्यातून ब्रश. मी खिडकीतून बघत असे. गाडी चकाचक झाली की त्या दोन मिनिटं कडुनिंबाखाली बसत आणि मग म्हणत, "भाऊ, ऑक्सिजन भरून घ्या." म्हणजे गाडी पुढच्या माणसासाठी तयार.

अण्णांचं बाईंवरचं मत बदललं ते रुक्मिणकाकूंमुळे. काकू म्हणजे अण्णांची बायको. एवढी मोठी बागायत, घरात गडीमाणसं, पण वेचणीच्या दिवसांत काकू स्वतः ओटी बांधून कापसात उतरणार. गावात अण्णांना सगळे घाबरत आणि अण्णा काकूंना. अशाच एका वेचणीत बांधाजवळ काकूंच्या पायाला साप चावला. अण्णांनी जीप काढली होती ती नदीपलीकडच्या एका मांत्रिकाकडे न्यायला. पायाला दोरी करकचून आवळलेली, आणि काकूंना चालवत जीपकडे आणणं चाललेलं. तेवढ्यात कुणीतरी लावलेल्या फोनवरून ॲम्बुलन्स आली. बाई कापसाच्या ओळींतून, आपल्या चालीनं, चालत आल्या. अण्णा त्या दिवशी जे बोलले ते छापण्यासारखं नाही. बाईंनी ते ऐकून घेतलं आणि एवढंच सांगितलं, "काकूंना एक पाऊलसुद्धा चालवू नका. खाली निजवा. चालल्यानं विष जल्दी चढतं."

मग अडलं ते जोडव्यांवर. पाय सुजायच्या आत बोटांतली जोडवी काढायला हवीत, असं बाई म्हणाल्या. काकूंनी पाय आखडला. "सवाशीण बाई हाये मी. मेले तरी जोडवी काढणार न्हाई." भोवतालच्या बायांनाही ते पटलं. बाईंनी अण्णांना हाताला धरून काकूंच्या समोर उभं केलं. "काकू, हे कोण?" "हे कोण म्हंजे? मालक हायेत." "जिवंत आहेत ना? नीट बघा." एवढ्या वेदनेतही काकूंच्या तोंडावर हसू आलं. "हायेत. ओरडून राह्यलेत की." "मंग द्या जोडवी. अण्णांच्या मुठीत देते. घरी आल्यावर तेच घालतील." जोडवी निघाली. ती अण्णांच्या डाव्या मुठीत गेली, आणि गाडीत बसल्यावर उजव्या हातात बाईंनी सलाइनची बाटली दिली. आवळलेली दोरी त्यांनी सगळी तयारी झाल्यावर हळूहळू सैल केली. पायलटनं मला नंतर सांगितलं, की अण्णा वाटभर याला फोन लाव, त्याला फोन लाव करत होते, हात सारखा खाली येत होता, आणि मॅडम दर थोड्या वेळानं फक्त "हात वर, अण्णा" म्हणत होत्या. मी विचारलं, गाडीत बाटली टांगायला काही सोय नसते का. पायलट हसला. "हूक हाये की सर, डोक्यावरच. मॅडम म्हणल्या राहू द्या. माणूस बाटलीला गुंतला की पेशंटवर पडत न्हाई आणि डायव्हरला शिकवत न्हाई."

काकू वाचल्या. दवाखान्यातून घरी आल्यावर अण्णांनी सगळ्यांदेखत खाली बसून त्यांच्या पायात जोडवी घातली, हे गावानं पाहिलं. ते त्यांच्या कुठल्याही भाषणापेक्षा चांगलं झालं. पण अण्णांना भाषणाशिवाय कृतज्ञता व्यक्त करता येत नाही, हा त्यांचा नाइलाज. त्यांनी बाईंचा भव्य नागरी सत्कार ठरवला. बाई म्हणाल्या, ड्यूटी आहे, येता येणार नाही. अण्णा म्हणाले, मग सत्कारच तुमच्या गाडीपाशी आणतो. आणि खरंच, उपकेंद्राच्या आवारात, पाण्याच्या टाकीखाली मांडव पडला.

त्या टाकीला आग्या मोहोळ होतं. बाईंनी मांडव बघितला, मान वर केली आणि अण्णांना बोलावून दाखवलं. फटाके वाजवायचे नाहीत असा शब्द घेतला. अण्णांनी दिला. मला मात्र त्यांनी मानपत्रात कसूर करू नका असं बजावलं, त्यामुळे मी कसूर केली नाही. 'रुग्णाच्या हाकेला वायुवेगाने धावून जाणाऱ्या' असं एक वाक्य मी त्यात लिहिलं. हातच तसा वळलेला आहे, त्याला माणूस दिसत नाही. चौकट करून आणल्यावर काचेतून ते वाक्य वाचलं तेव्हा मला माझंच हसू आलं. पण खोडणार कसं? सोनेरी शाईत छापलं होतं.

सत्काराचा दिवस उजाडला. मांडव भरला. काकू नवी पैठणी नेसून व्यासपीठावरच्या खुर्चीत बसल्या. पाय अजून पुरता बरा नव्हता, काठी शेजारी टेकवलेली. बाई गणवेशातच होत्या, एक डोळा गाडीवर. जालन्याचे पाहुणे आले आणि फाटकापाशी फटाक्यांची माळ कडाडली. अण्णांनी नंतर अगदी मनापासून सांगितलं, की माळ लहान होती. मोहोळाला ते कुणी कळवलं नव्हतं.

आधी ऊन गेल्यासारखं झालं, मग आवाज आला. आणि इथं एक विलक्षण गोष्ट घडली. कुणी पळालं नाही. थोड्याच दिवसांपूर्वी बाईंनी शाळेत गावकऱ्यांना प्रथमोपचार शिकवले होते, त्यात पहिला धडा हाच होता: काही झालं तरी गडबडायचं नाही, उभं राहायचं, श्वास घ्यायचा. बाईंचं ऐकायला गावानं वर्षं घेतली, आणि ऐकलं ते नेमकं त्या दिवशी. माणसं माश्यांच्या ढगाखाली शहाण्यासारखी उभी. एक जण तर डोळे मिटून श्वास घेत होता.

बाईंनी माइक ओढला. "पळा. शाळेत पळा, दारं लावून घ्या." लोक एकमेकांकडे बघू लागले. बाई पळा म्हणतेय, म्हणजे काहीतरी चुकीचं ऐकू आलं असणार. तेव्हा त्यांना कळलं असावं, की सांगून भागणार नाही. माइक टाकून त्या स्वतः पळाल्या. मांडवातून आडव्या, खुर्च्यांवरून उडी मारून. ते बघितलं आणि सगळं गाव एकदम सुटलं. बाई पळाली म्हणजे आता खरंच पळायचं. फक्त गाव शाळेकडे पळत होतं आणि बाई व्यासपीठाकडे, जिथं काकूंना खुर्चीतून उठता येत नव्हतं आणि अण्णा त्यांच्यावर नुसते हात पसरून उभे होते.

सत्कारासाठी आणलेली शाल बाईंनी काकूंच्या डोक्यावरून पायापर्यंत टाकली. सत्काराच्या शालीचा कुणाला उपयोग झालेला मी पहिल्यांदा पाहिला. पायलटनं गाडी उलटी घेत व्यासपीठाला भिडवली. काकूंना आत घेतलं, मागोमाग अण्णा चढले, आणि मानपत्राची चौकट डोक्यावर धरून पळत आलेला मीही आत पडलो. मजकुराचं सांगता येत नाही, पण काचेनं माझं रक्षण केलं.

"दोनतीनच चावल्या. मला काही झालं न्हाई," काकू म्हणाल्या. थोड्या वेळानं पुन्हा म्हणाल्या तेव्हा आवाज घोगरा आला. तळहात खाजवू लागल्या. ओठ, पापण्या सुजत चालल्या, मानेवर गांधी उठल्या. मग त्यांनी गळ्याला हात लावला आणि बाईंकडे नुसतं बघितलं. सापाच्या वेळीही थट्टा करणाऱ्या काकू. आता त्यांना बोलता येत नव्हतं. बाईंनी त्यांना आडवं केलं, पायाखाली उशी सारली, आणि लुगडं वर करत बसण्यात वेळ न घालवता पैठणीतूनच मांडीत ॲलर्जीवरचं इंजेक्शन दिलं. तोंडाला ऑक्सिजन, हाताला सलाइन. त्यांच्या स्वतःच्या कपाळावर नांग्या रुतलेल्या, एक डोळा मिटत आलेला. बाटली त्यांनी न बघता मागे धरली, आणि अण्णांनी ती घेतली.

"मॅडम, वाचंल का?" अण्णांनी विचारलं. त्यांचा आवाज इतका बारीक असू शकतो हे मला ठाऊक नव्हतं.

"हात वर ठेवा, अण्णा."

त्यानंतर अण्णा बोलले नाहीत. चेहरा भोपळ्यासारखा सुजलेला, मनगटावर एक माशी अजून बसलेली, पण हात हलला नाही. हूक त्यांच्या मुठीला जवळजवळ टेकला होता. मी तो दाखवला नाही. बाईंची बोटं काकूंच्या मनगटावर होती. काकूंचा श्वास शिट्टीसारखा येत होता, आणि तो ऐकू येतोय तोवर बरं, असं वाटायला लागलं होतं, कारण मधेच तो थांबल्यासारखा होई. बाईंनी आणखी एक इंजेक्शन दिलं. पायलटनं एकही खड्डा चुकवायचा ठेवला नाही.

कुठल्या तरी वळणावर शिट्टी थांबली. अण्णांनी डोळे मिटले. बाई मात्र तशाच बसून होत्या, आणि मग मला दिसलं, की काकूंची छाती नीट वरखाली होतेय. शिट्टी थांबली होती ती गळा मोकळा झाल्यामुळे. काकूंनी डोळे उघडले, मांडी चाचपली आणि म्हणाल्या, "पैठणीतून टोचलं का ग माय? भोक पडलं असंल."

बाई हसल्या. एक डोळा बंद, तोंड वाकडं झालेलं, पण अशा हसल्या की पायलटनं आरशातून बघितलं आणि सायरन बंद केला. बाळाच्या वेळी केला होता तसा.

काकूंना दवाखान्यात सोपवून बाई त्याच गाडीनं परत फिरल्या, कारण शाळेत अजून बरीच सुजलेली जनता वाट बघत होती. तिथं कुणाच्या जिवाला धोका नव्हता. मानपत्र वाचायचं राहून गेलं. पुढे बाईंनी ते वाचनालयात एकदा वाचलं आणि 'वायुवेगाने धावून जाणाऱ्या' या शब्दांवर बोट ठेवून माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, "एकदा धावलात की." त्या म्हणाल्या, "ते छापल्यानंतर, सर." ते मानपत्र आता अण्णांच्या बैठकीत आहे. शेजारच्या कपाटात ती पैठणी, आणि आलेल्या प्रत्येकाला काकू ती उलगडून भोक दाखवतात. मला ते भोक आजवर दिसलेलं नाही. मी दर वेळी दिसलं म्हणतो.

दोन वर्षांपूर्वी बाईंची नेमणूक दुसऱ्या जिल्ह्यात झाली. निरोप समारंभ टाळण्यासाठी त्यांनी निघायचा दिवस असा निवडला, की अण्णांची जालन्याला कोर्टाची तारीख होती. फक्त काकूंना आणि मला माहीत होतं. काकूंनी मोसंबीची पिशवी आणून दिली आणि पदरानं बाईंचं तोंड पुसलं, जणू त्या शाळेला निघाल्या आहेत. माझ्याकडून बाईंनी एक कादंबरी नेली. शेवटचं पान उघडलं नाही. "ही सुरुवातीपासून वाचते," म्हणाल्या. पुस्तक अजून परत आलेलं नाही आणि मी स्मरणपत्र पाठवलेलं नाही. अण्णा संध्याकाळी आले, रिकाम्या कडुनिंबाखाली उभे राहिले, आणि माझ्यावर चिडून घरी गेले.

गाडीवर नवा डॉक्टर आला. पोरगेला, हुशार, आणि पळणारा. मागच्या हंगामात फाट्यावर उसाची ट्रॉली उलटली आणि मोटारसायकलवरचा एक जण उसाखाली सापडला. गाडी येईपर्यंत मी तिथं पोचलो होतो. बघतो तर चाकांना दगड लावलेले, दोन्हीकडची वाहनं थांबवलेली, मोबाइल खिशात, आणि माणसं ऊस एकेक करून बाजूला काढत होती, त्या माणसाची मान एकानं दोन्ही हातांनी स्थिर धरलेली. रस्त्यापासून त्याच्यापर्यंत गर्दीत सरळ वाट ठेवलेली होती. ती कुणी ठेवायला सांगितली नव्हती.

नवा डॉक्टर त्या वाटेनं पळत आला, उसावरून घसरला आणि बॅगेतलं सामान पसरलं. अण्णांनी त्याला दंडाला धरून उठवलं.

"डॉक्टरसाहेब, सावकाश," ते म्हणाले. "पळायचं काम गाडीचं."

त्या माणसाचा श्वास चालू होता, तो बोलत होता, आपलं नाव नीट सांगत होता. डॉक्टरनं सुई लावली आणि बाटली हातात घेऊन इकडंतिकडं बघू लागला. अण्णांचा हात आधीच पुढे आला होता. स्ट्रेचर आत गेलं, अण्णाही आत चढले. डॉक्टर म्हणाला, "काका, द्या ती इकडं. इथं वर हूक आहे."

"माहीत हाये," अण्णा म्हणाले. "तुम्ही पेशंटकडं बघा."

दार लागलं. गाडी तीर्थपुरीच्या वळणाला लागेपर्यंत मागच्या काचेतून तो हात दिसत होता. वरच होता.